१९९८ ची कार्बोरेटरवाली झेन आणि ई२० पेट्रोल – विकू की दुरुस्त करून ठेवू?

झेनवाला_सातारा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा आणि मग सांगा.

माझ्याकडे १९९८ ची मारुती झेन आहे, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा यांत्रिक भागातून मिसळणारी), एमएच-११ पासिंग. बाबांनी पीएफमधून पैसे काढून नवीकोरी घेतली होती. ९९३ सीसीचं ते अॅल्युमिनियमचं छोटंसं इंजिन, पण अजूनही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ज्या खुशीत पळतं ना, ज्यांनी चालवलीय त्यांनाच कळेल मी काय म्हणतोय ते. बाबा २०१९ ला गेले, तेव्हापासून गाडी माझ्याकडे. डॅशबोर्डच्या खणात त्यांची डायरी आहे, प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर आणि भाव, पहिल्या दिवसापासून. मीही ती तशीच पुढे लिहितोय, एक नोंद चुकवलेली नाही. त्यामुळे मी जे आकडे सांगतोय ते अंदाजपंचे नाहीत, लिहिलेले आहेत.

डायरीप्रमाणे आमची गाडी गावात-हायवेला मिळून लिटरला १७ किलोमीटरच्या आसपास द्यायची. आता गेले सात-आठ महिने साडेचौदाच्या वर जात नाही. सकाळी पूर्ण चोक ओढून पाच-सहा सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही, गिअर टाकून अॅक्सिलरेटर दिला की क्षणभर अडखळते आणि मग उचलते. बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास. मे महिन्यात दुपारी आईला घेऊन कासला निघालो होतो तर यवतेश्वर घाटात तिसऱ्या वळणावर गाडी बंदच पडली. आईने पिशवीतला पंचा बाटलीतल्या पाण्याने भिजवून दिला, तो फ्युएल पंपावर टाकून वीस मिनिटं थांबलो तेव्हा चालू झाली. आई काही बोलली नाही पण त्यानंतर ती गाडीत बसायला नको म्हणते, आणि ते मला फार लागलंय.

इथल्या एका गॅरेजवाल्याने मागच्या दिवाळीत पेट्रोलचा पाइप बदलला होता, पारदर्शक प्लास्टिकचा टाकला, तो चार महिन्यांत कडक होऊन पिवळा पडला. दुसऱ्याने सांगितलं की ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून कार्बोरेटरच्या गाड्या संपल्या, एकतर भंगारात द्या नाहीतर एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवालं) इंजिन बसवून घ्या, साठ-सत्तर हजार लागतील.

तर मला विचारायचंय की हे खरंच इथेनॉलमुळे होतंय का, की गाडीचं वय झालंय? आणि गाडी ठेवायची ठरवली तर नेमकं काय काय बदलायचं? विकायचं मन अजिबात नाही, पण आईला घाटात परत असं बसवायचं नाही एवढं नक्की.


ठाणेकर८७

दादा भावना समजतात, आमच्याकडे पण २००० ची ८०० होती. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, पत्रा पातळ. आज हायवेला १०० ने ट्रक चालतात. २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती उगाच नाही. रविवारी गावात फिरवायला ठेवा, जीव लावा, सगळं करा, पण आईला-मुलांना घेऊन पुणे-बंगळूर रस्त्यावर जायला दुसरी गाडी घ्या. इथेनॉलपेक्षा मला ह्याची काळजी जास्त वाटते.


वस्ताद_नाशिक

गॅरेज सातपूरला, ३१ वर्षं झाली, त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं दिवसाला चार कारबोरेटर खोललेत. तुमची पोस्ट दोनदा वाचली. डायरी ठेवलीय हे सगळ्यात भारी काम केलंय, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

हिशोब करू. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी, लिटरला साधारण एक तृतीयांश कमी. त्यामुळे २० टक्के मिसळलं की अॅव्हरेज पडणारच, ते कोणी नाकारू नये. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० वर सेट केलेल्या चारचाकीला ६ ते ७ टक्के फटका बसतो. आता १७ मधून ७ टक्के काढा, किती राहिले? १५.८. तुमची देतेय १४.५. म्हणजे सव्वा किलोमीटर अजून कुठेतरी जातोय आणि तो इथेनॉल खात नाहीये, तो तुमच्या पाइपातून नाहीतर कारबोरेटरमधून गळतोय. बॉनेटमध्ये वास येतोय ना, तोच तो. आणि वास येणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे, अॅव्हरेज राहू द्या बाजूला, हे काम होईपर्यंत गाडी चालवू नका. हात जोडून सांगतो.

आता एक एक बघा. पहिलं रबर. त्या काळात पाइप साध्या नायट्राइल रबराचे, शुद्ध पेट्रोलला ते वीस वर्षं टिकायचे. इथेनॉलने ते आधी फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी उभी राहून सुकलं की चिरा पडतात. पारदर्शक प्लास्टिकचा पाइप तर टू-व्हीलरलासुद्धा टाकू नये असं माझं मत, चारचाकीत इंजिनाच्या उष्णतेजवळ तो टाकला हे वाचून वाईट वाटलं. व्हायटॉनचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं) अस्तर असलेला फ्युएल होज मागा, साध्याच्या चार-पाचपट महाग पडतो पण गाडीला लागतो किती, तीन मीटर. टाकीपासून पंप, पंप ते कारबोरेटर, आणि रिटर्नचा पाइप, तिन्ही बदला. रिटर्नचा सगळे विसरतात. क्लिपा पण नव्या, जुन्या स्क्रूच्या क्लिपा नव्या पाइपाला कापतात.

दुसरं, पंप. तुमचा मेकॅनिकल पंप आहे, आत डायफ्रॅम म्हणजे पडदा, तोही रबरच. घाटात बंद पडली ते व्हेपर लॉक. इथेनॉल ७८ डिग्रीला उकळतं आणि पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ लवकर धरते, पंप हेडला चिकटलेला, बाहेर मे महिना, घाटात गाडी हळू, वारा नाही. पाइपात वाफ झाली की पंप वाफ ओढतो, पेट्रोल नाही. रिटर्न लाइन तुंबली असेल तर हे हमखास होतं कारण गरम पेट्रोल फिरून टाकीत परत जात नाही. आईंना सांगा पंचा बरोबर जागी ठेवला होता.

तिसरं, कारबोरेटर. किट टाका पूर्ण, नीडल, अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम, सगळे गॅस्केट. अॅक्सिलरेटर दिल्यावर अडखळते ती तिथेच, तो डायफ्रॅम कडक झाला की पिचकारी बसत नाही. फ्लोटची लेव्हल तपासा. आणि हे नीट ऐका, शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक) गाडी लीन चालते, पेट्रोल कमी आणि हवा जास्त, कारण कारबोरेटरला डोळे नाहीत, त्याला कळत नाही टाकीत काय ओतलंय. प्लग काढून बघा, चॉकलेटी असायला हवेत, पांढरेफट्ट असतील तर लीन. मग मेन जेट एक नंबर मोठा. पण बाजारात बरेच मिस्त्री तेच जेट घेऊन रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवतात, ते करू देऊ नका, भोक अंडाकृती होतं आणि मग कुठलंच ट्यूनिंग बसत नाही.

चौथं टाकी, ते नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

एमपीएफआय अजिबात करू नका. टाकीत इलेक्ट्रिक पंप, नवं वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सर, आणि इंजिन बदललं की आरसीवर नंबर चढवायला आरटीओच्या चकरा. साठ-सत्तर हजारात ते नीट होत नाही, अर्धवट होतं, आणि अर्धवट एमपीएफआयपेक्षा नीट बांधलेला कारबोरेटर हजारपट बरा.


ऊसवाला_शिरोळ

राम राम मंडळी. मी गाड्यांचा शौकीन, माझ्याकडं १९९६ ची जिप्सी हाय आणि दारात तीन एकर ऊस पण हाय, तेव्हा दोन्हीकडनं बोलतो.

इथं रोज कोणतरी इथेनॉलला शिव्या घालतंय, वाचून वाचून डोकं दुखतंय. एवढं सांगतो की हे काय कालपरवाचं खूळ न्हाई. २००१ साली इथेनॉल मिसळायचा पहिला प्रयोग देशात तीन ठिकाणी झाला, त्यात दोन आपली, मिरज आणि मनमाड. मिरज म्हंजे आमच्या शिवेला. २००३ पासनं पाच टक्के, २०२२ च्या जूनमधी दहा, आणि आता वीस. तेव्हापासनं आमच्या भागातल्या गाड्या हेच पितायत आणि रस्त्यावर हायतच की.

साखरेचं पोतं गोदामात पडून राहतंय, भाव मिळाला तर मिळाला. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडनं काही आठवड्यात कारखान्याला येत्यात. एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) १४ दिवसांत द्यायची असं १९६६ च्या आदेशात लिवलंय, पण आम्ही त्यासाठी किती वर्षं रस्त्यावर बसलोय ते आमचं आम्हाला ठाऊक. इथेनॉल आल्यापासनं ते बसणं कमी झालंय, निदान आमच्या कारखान्याला तरी. माझ्या पोरीची इंजिनिअरिंगची फी ह्या पैशातनं गेलीय, मग मी कसं म्हणू हे वाईट हाय?

पण खरं तेही सांगतो. शेतकऱ्याच्या नावानं जेवढा गाजावाजा होतो तेवढं उसाला मिळंना. २०२३ च्या डिसेंबरात एका रात्रीत उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभरात थोडी सैल केली, कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केलेल्या, त्या गप. आणि २०२४-२५ चे दर बघा, मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये, आमच्या सी-हेवी मळीच्या (साखर काढून शेवटी उरते ती) इथेनॉलला ५७.९७. २०२४-२५ मधी निम्म्याच्या वर इथेनॉल धान्याचं, त्यात मका जास्त. तवा टाकीत वीस टक्के ऊस हाय असं समजून आमच्यावर राग काढू नका, त्यातला बराच मका हाय.

सर, तुमची गाडी ठेवा. वस्तादांनी सांगितलं तसं रबर बदला. माझ्या जिप्सीचं रबर मी २०२२ लाच बदललं, कोल्हापूरला उद्यमनगरात होज मिळतोय चांगला, अजून एक थेंब गळला न्हाई.


झेनवाला_सातारा

@वस्ताद_नाशिक तुमची पोस्ट मी प्रिंट काढून गाडीत ठेवलीय. गाडी त्या दिवसापासून उभी आहे.

@ऊसवाला_शिरोळ दादा, माझा शेतकऱ्यावर राग कधीच नव्हता, माझ्या मामांचाही ऊस आहे वाळव्याला. माझं दुखणं वेगळं आहे. मला न विचारता माझ्या टाकीतलं इंधन बदललं आणि दुसरा कुठलाही पर्याय ठेवला नाही, ह्याचं वाईट वाटतं. २०२३ च्या एप्रिलपासून ज्या गाड्या बनल्या त्यांचे पाइप-सील ई२० ला चालतील असे केले, छान केलं. पण त्याआधीच्या कोट्यवधी गाड्या ज्यांच्याकडे आहेत ते काही पैसेवाले लोक नाहीत. शिक्षक आहेत, रिक्षावाले आहेत, शेतकरी आहेत. त्यांना पंपावर एक नळी साध्या पेट्रोलची हवी होती, दोन रुपये जास्त घेतले असते तरी दिले असते. सुप्रीम कोर्टात याचिका गेली होती तीही १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून आधी बघायचं ठरवलं की खरंच किती टक्के आहे. लॅबमधला १०० मिलीचा मोजपात्र घेतला, शाळेच्या मागच्या मोकळ्या पटांगणात गेलो (घरात हे अजिबात करू नका, आसपास आगपेटीसुद्धा नको). त्यात १० मिली पाणी, पाण्यात दोन थेंब निळी शाई, वरून ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. सुरुवातीला सगळं गढूळ दिसतं, मग हळूहळू निळा थर खाली बसतो. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त प्रिय, ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. दहाच्या रेघेवर असलेला निळा थर सत्तावीसच्या रेघेवर येऊन थांबला. ९० मिलीचे वीस टक्के म्हणजे १८, अधिक १०, मिसळल्यावर थोडं आकुंचन होतं. बरोबर वीस टक्के. दहावीची चार मुलं बघत होती, त्यातल्या एकीने विचारलं की सर मग टाकीत पावसाचं पाणी गेलं तर तिथेही असंच होणार का? मी म्हटलं हो, अगदी असंच, आणि ते खालचं पाणी आधी पाइपात जाणार. उत्तर दिलं आणि तेव्हाच मला माझ्या गाडीच्या टाकीची काळजी वाटायला लागली.

१०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टाकून बघू का? दीडशेच्या वर लिटर आहे, पण गाडी महिन्याला दोनशे-अडीचशे किलोमीटरच चालते.


वस्ताद_नाशिक

सर, ती मुलगी हुशार आहे, तिला सांगा माझ्यातर्फे.

टाकीचं राहिलेलं तेच. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. तुमच्यासारखी कमी चालणारी गाडी, टाकी अर्धी रिकामी, पावसाळ्याचे चार महिने, साताऱ्याचा पाऊस. आत पाणी जमतं, तळाला बसतं, पत्र्याला गंज. आणि इथेनॉल जुना चिकटा सोडवतं, पंचवीस वर्षांचा राळेसारखा थर जो टाकीला चिकटून होता तो सुटून फिल्टरमध्ये येतो. तुमचा फिल्टर काढून उजेडासमोर धरा, आतला कागद तपकिरी असेल. तेव्हा टाकी उतरवा, धुऊन घ्या, आत टॉर्च मारून बघा. गंज वरवरचा असेल तर साफ करून चालेल, पापुद्रे निघत असतील तर टाकी बदला, कारण त्यावर लेप मारणारे भेटतात पण लेप सुटला की परत तोच लेप कारबोरेटरमध्ये येतो, दोन गाड्यांना हे निस्तरलंय. धुतल्यावर पहिला फिल्टर पाचशे किलोमीटरला फेका, दुसरा दोन हजारला. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, रिकामी जागा नको.

१०० ऑक्टेनबद्दल. तुमच्या इंजिनाला तेवढ्या ऑक्टेनची गरजच नाही. नॉकिंगचा (इंजिन ठोकायचा) त्रास नाहीये तुम्हाला, इथेनॉलने तर ऑक्टेन उलट वाढलाय. फायदा झालाच तर त्यात इथेनॉल नसेल तर होईल, आणि ते बघायला तुमच्याकडे मोजपात्र आहेच, आधी एक बाटली आणून निळा थर बघा. महाग आहे म्हणून बिनइथेनॉलचं असणार असं धरून चालू नका. आणि बाजारात बाटल्या विकतायत 'इथेनॉल न्यूट्रलायझर' म्हणून, त्या बाटलीने इथेनॉल कुठेही जात नाही, ते टाकीतच राहतं. गंजरोधक असेल तर पत्र्याला थोडा उपयोग, बस.


पुणेरी_आय२०

माझी २०१४ ची पेट्रोल आहे, एमपीएफआयच. हे सगळं वाचून घाबरलोय. मला पण पाइप बदलायचे का??


वस्ताद_नाशिक

घाबरू नका. तुमच्या गाडीत सायलेन्सरच्या तोंडाशी ऑक्सिजन सेन्सर आहे, तो धूर बघून ईसीयूला सांगतो आणि ईसीयू इंधन वाढवतं. अॅव्हरेज थोडं पडेल, बाकी गाडी चालेल. सर्व्हिसिंगला पाइप दाबून बघायला सांगा, मऊ पडलेला किंवा चिरलेला असेल तरच बदला. चेक इंजिन लाइट आली आणि लीनचा कोड आला तर इंजेक्टर साफ करून घ्या. एवढंच.


मूळची_डोंबिवली

इथे मिनेसोटात राहते, नवऱ्याला आणि मला दोघांनाही जुन्या गाड्यांचं वेड, आमच्याकडे १९७८ ची एक कार्बोरेटरवाली गाडी आहे म्हणून लिहावंसं वाटलं.

सरांनी जे लिहिलंय ना, की एक नळी साध्या पेट्रोलची हवी होती, ते इथे आहे. आमच्या राज्यात मक्याचं प्रचंड पीक, इथेनॉल मिसळणं कायद्याने सक्तीचं, मक्याच्या शेतकऱ्यांचं वजनही तसंच आहे. तरीही त्याच कायद्यात सूट ठेवलीय, बऱ्याच पंपांवर एक वेगळी नळी असते बिनइथेनॉलच्या पेट्रोलची आणि त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे जुन्या संग्राह्य गाड्या, बोटी, मोटरसायकली, बर्फावरच्या गाड्या आणि गवत कापायच्या मशीनसारख्या छोट्या इंजिनांसाठी आहे. महाग असतं. पण आहे. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये ई१० आणलं तेव्हा सुपर पेट्रोल ई५ ठेवलं होतं, म्हणजे तिथेही विचार केला.

सांगायचं काय तर शेतकरी एका बाजूला आणि गाडीवाला दुसऱ्या बाजूला असं नसतंच. इथे मक्याचा शेतकरी स्वतः त्या दुसऱ्या नळीवरून त्याच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी कॅन भरून नेताना मी पाहिलाय.


ऊसवाला_शिरोळ

ताई एकदम बरोबर बोलला. माझ्या जिप्सीला मिळालं तर मी पण घेईन की ते पेट्रोल. आमचं इथेनॉल नव्या गाड्यांत जाऊ द्या, त्या त्यासाठीच केल्यात. जुन्यांस्नी एक नळी द्यावी, ह्यात आमचं काय बी नुकसान न्हाई.


आरटीओ_अनुभव_कोल्हापूर

एक वेगळा मुद्दा, कारण सगळे इंजिनावर बोलतायत आणि कागदपत्रांचं कोणी बोलत नाहीये. १९९८ ची गाडी म्हणजे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. ती फी २०२२ च्या एप्रिलपासून कारला ५००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० केलीय. वर पर्यावरण कर वेगळा. फिटनेसला गाडी समोर न्यावी लागते, चॅसी नंबर वाचता आला पाहिजे, गंजलेला असेल तर आधीच साफ करून घ्या, माझं तिथेच अडलं होतं.

दिल्लीसारखा १५ वर्षांचा नियम महाराष्ट्रात नाही, फिटनेस पास झाली की गाडी चालवता येते. मेकॅनिक लोक 'आता बंदच होणार' म्हणून घाबरवतात, त्याला भुलून गाडी भंगारात देऊ नका. आणि व्हिंटेजची व्हीए मालिकेची पाटी ५० वर्षांवरच्या गाडीलाच मिळते, त्या पाटीवर रोज चालवता पण येत नाही, तेव्हा झेनला त्याचा सध्या विचार नको.


झेनवाला_सातारा

पाच आठवड्यांनी परत आलोय, सगळं सांगतो.

काम इथल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडून करून घेतलं, वस्तादांची प्रिंट त्यांच्या हातात दिली, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले हा माणूस बरोबर लिहितोय. मी दोन रविवार तिथेच बसून होतो. पंपापासून कार्बोरेटरला जाणारा पारदर्शक पाइप काढला तर वाकवल्यावर कडकन मोडला. टाकीजवळचा जुना काळा पाइप मात्र उलटा, नखाने दाबलं की नख आत रुतत होतं, आणि आतून बोट फिरवलं तर बोटाला काजळासारखा काळा चिकट रंग लागला. तो रंग साबणाने दोन दिवस गेला नाही. हेच माझ्या कार्बोरेटरमध्ये जात होतं इतके महिने.

रिटर्न लाइन खरंच तुंबलेली होती. कॉम्प्रेसरने हवा मारली तेव्हा सुरुवातीला काहीच आलं नाही, मग एकदम तपकिरी गाळाची गोळी बाहेर आली. टाकीत तळाला कपभर पाणी निघालं, गंज वरवरचा होता, धुऊन तीच बसवली. प्लग पांढरे होते, चारही. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, नवा, रीमर नाही. होज, किट, पंप, जेट, फिल्टर, टाकी धुणं आणि मजुरी मिळून सात हजार चारशे झाले. सत्तर हजार कुठे आणि हे कुठे.

डायरीत आता तीन टाक्यांची नोंद झालीय. १५.६, १५.९, १५.७. वस्ताद, तुम्ही बसल्या जागी १५.८ लिहिलं होतं. जे इथेनॉलचं होतं तेवढंच गेलं, बाकीचं परत आलं. बाबांच्या अक्षराखाली हे आकडे लिहिताना खूप बरं वाटलं. त्या पहिल्या आकड्यापुढे मी कंसात "ई२०, नवे पाइप" असं लिहिलंय, म्हणजे पुढे कोणी वाचलं तर कळेल १७ वरून का उतरलं.

ठाणेकर, तुमचं म्हणणंही मनावर घेतलंय. हायवेला लांब जायला बायकोची नवी गाडी नेतो, झेन साताऱ्यातच आणि घाटापर्यंत.

परवा दुपारी मुद्दाम ऊन असताना एकटा यवतेश्वर चढून आलो, दोनदा. तिसऱ्या वळणावर थांबून बॉनेट उघडलं, वास नाही. काल आईला म्हटलं चल, तर तिने आधी विचारलं पंचा घेऊ का. म्हटलं घे, पण लागणार नाही. लागला नाही. कासला पाऊस नुकताच उघडला होता, येताना मेढ्याच्या बाजूने ढग खाली आले होते आणि आई खिडकी उघडी ठेवून बसली होती.

एकच राहिलंय. थंड इंजिनावर अजून चोक नेहमीपेक्षा अर्धा मिनिट जास्त लागतो. हे ई२० चंच आहे की आयडलचं (गाडी उभ्या जागी चालू असताना पेट्रोल देणारं) जेट पण वाढवायचं?


वस्ताद_नाशिक

आयडलच्या जेटला हात लावू नका. इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, थंडीत हे थोडं राहणारच. मिश्रणाचा स्क्रू पाव फेरी बाहेर काढून बघा, इंजिन गरम असताना. डिसेंबरात कसं चालू होतं ते डायरीत लिहा आणि इथे सांगा.